तेरान, रेबुला आणि व्याह्यांचं जेवण

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून घरी येताना येर्नेयनं गाडी मध्येच बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. त्सिरिल, त्याचे वडील, मिस्सा संपल्यावर चर्चच्या ओट्यावर मित्रांशी गप्पा मारत मागे राहिले होते. गाडीत आई आणि मुलगा दोघंच.

"आई, लग्नानंतर मी बर्दाला राहणार आहे," येर्नेय म्हणाला. "तादेयाच्या घरी."

नेवेन्काच्या मांडीवर पाद्रीबाबांनी मंतरलेली ऑलिव्हची डहाळी होती. तिचं एक पान तिनं तोडलं, दुमडलं, पुन्हा सरळ केलं. बाहेर दगडी गडग्यांच्या आत तांबड्या मातीत द्राक्षाच्या वेली उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे आता कुठे फुगायला लागले होते. त्यांतल्या बऱ्याचशा त्यांच्याच होत्या.

"वडिलांना सांगितलंस?"

"तूच सांग ना. तुझं ऐकतात ते."

"माझं ऐकतात? हे कधीपासून?"

येर्नेय हसला. मग मान खाली घालून म्हणाला, "आई, मी पस्तिशीला आलोय. या घरात काढणी कुठल्या दिवशी करायची हे आजवर एकदाही मी ठरवलेलं नाही. चाखून सांगतो, साखर मोजून सांगतो, आणि बाबा म्हणतात, उद्या बघू. तिकडे तादेया मला विचारते. मी चुकलो तरी विचारते."

हे सगळं नेवेन्का रोज बघतच होती. ती एवढंच म्हणाली, "तुझं तू सांग. पण ईस्टरच्या आधी नको. आणि ईस्टरला व्याह्यांसमोर तर मुळीच नको. पाहुण्यांदेखत ऐकावं लागलं तर तो मरेपर्यंत विसरणार नाही."

"मग कधी?"

"सोमवारी. दोघं मळ्यात जाल तेव्हा."

तसं ठरलं.

पण ठरवून मन शांत झालं असं काही नाही. व्याही-विहीण या घरी पहिल्यांदाच जेवायला यायचे होते, तेही ईस्टरला. ते बर्दाचे, म्हणजे इथून तासाभराच्या वाटेवरचे, डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांचे मळे असलेले, पांढऱ्या रेबुला वाइनचे लोक. हे क्रासचे, दगडांतले, काळ्याभोर तेरान वाइनचे. साखरपुड्याला दोन्ही बाप हॉटेलात शेजारी बसले होते आणि तिसऱ्याच कुणाची तरी बिअर पीत हवामानावर बोलले होते. आता मात्र प्रत्येकाच्या हातात आपापली बाटली असणार होती.

त्सिरिलचं तर काही विचारायलाच नको. ईस्टरच्या टेबलावर तेरान. हॅमबरोबर तेरान, अंड्याबरोबर तेरान, करडाबरोबर तेरान, आणि अक्रोडाचं सारण भरून गुंडाळलेला गोड पाव, पोतित्सा, आली की तिचा तुकडाही तो तेरानमध्येच बुडवायचा. त्याचे वडील तसंच करायचे. हॅमबरोबर किसलेलं ह्रेनचं मूळ असतं, मोहरीसारखं नाकात झणझणणारं. त्यावर तेरान प्याली की जिभेवर खिळा चोखल्यासारखी चव येते, हे नेवेन्काला लग्नानंतरच्या पहिल्याच ईस्टरला कळलं होतं. ती तेव्हा नवी सून होती. ती पाणी प्याली आणि पुढची सगळी वर्षं पाणीच पीत राहिली.

तिची स्वतःची वाइन परसात होती. माहेरून, समुद्राच्या बाजूच्या गावातून, लग्नात तिनं वितोव्स्का द्राक्षाच्या काड्या आणल्या होत्या. वडिलांनी ओल्या गोणपाटात बांधून दिलेल्या. त्या विहिरीमागे एका ओळीत लावल्या, जगल्या. त्यांची पांढरी वाइन त्सिरिल दर वर्षी बनवायचा, अगदी नीट बनवायचा, कारण वाईट वाइन बनवणं त्याच्या हातून व्हायचंच नाही. पण ती टेबलावर कधी आली नाही. ती स्वयंपाकापुरतीच राहायची. भातात, माशात, सशाच्या रश्श्यात जायची. "तुझी स्वयंपाकाची," असं त्सिरिल तिला म्हणायचा.

पवित्र गुरुवारी हॅम शिजला. तमालपत्र घातलेल्या पाण्यात सकाळभर हळू उकळत होता, सगळ्या घराला वास लागला होता. हॅम निवत असताना नेवेन्कानं कडेचा एक काप काढला, थोडं ह्रेन किसलं, डोळ्यांतून पाणी आलं ते बाहीला पुसलं, आणि तळघरातून तेरान आणि वितोव्स्का दोन्ही आणून ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी एकटीच बसली. एक घास, एक घोट. तेरानचं तेच झालं, खिळा. मग वितोव्स्काचा घोट. ह्रेनची झणझण थोडी खाली बसली, हॅमचं मीठ गोडसर लागलं, आणि घशात नाशपातीसारखं काहीतरी मागे राहिलं. तिनं पुन्हा घास घेतला. मग अंडं घेतलं. मग सकाळी रानातून खुडून आणलेले शतावरीचे कडवट कोंब अंड्यात परतले आणि तेही खाल्ले.

एवढ्यात दारात त्सिरिल.

"उपासकाळात वाइन?" तो म्हणाला. "पाद्रीबाबांना सांगू का?"

"मीठ बघतेय हॅमचं."

"दोन पेल्यांनी?"

"एक डाव्या गालाला, एक उजव्या," नेवेन्का म्हणाली. तो हसत हात धुवायला गेला.

तेव्हाच तिनं मनाशी पक्कं केलं. ईस्टरला वितोव्स्का टेबलावर आणायची. त्यामागे हिशेब होता असं तिचं तिलाच वाटत होतं. नवऱ्यानं ईस्टरच्या टेबलावर एकदा दुसरी वाइन चालवून घेतली, तर सोमवारी दुसरी गोष्टही त्याच्या गळ्याखाली जरा सोपी उतरेल. खरं सांगायचं तर तिला ती पाहुण्यांना पाजायचीही होती.

शनिवारी चर्चमधून टोपली मंतरून आणली. हॅम, कांद्याच्या सालींनी लाल केलेली अंडी, ह्रेन, पिंत्साचा गोड पाव, पोतित्सा, वर पांढरा भरतकामाचा रुमाल. रविवारी पहाटेची मिस्सा, घंटा, मिरवणूक. खरं तर परत आल्यावर लगेच मंतरलेला हॅम कापायचा, पण पाहुणे दुपारी यायचे म्हणून या वर्षी सकाळी नुसतं एकेक अंडं आणि पावाचा तुकडा.

"आमच्याकडे ईस्टरला उपास धरायची नवीन रीत निघाली आहे," त्सिरिल कुरकुरला. "व्याही येतात म्हणून."

"धर दोन तास. पोट बारीक दिसेल."

पाहुणे आले ते तादेयाच्या वडिलांच्या, बोगोमिरच्या, आवाजानं आधी कळलं. अंगणात शिरल्या-शिरल्या त्यानं द्राक्षाच्या मांडवाचं कौतुक केलं, विहिरीच्या कोरीव दगडाचं केलं, कुत्र्याचंही केलं. धिप्पाड माणूस, गालांवर लाली, हातात खोका आणि खोक्यात बाटल्या. मागून सावीना, त्याची बायको, बारीक चणीची, हातात पदार्थ झाकलेलं ताट. आणि तादेया, जिनं येताच कोट काढून अस्तन्या वर केल्या.

"विहीणबाई, हे रिकाम्या हातानं येणं झालं हो," सावीना म्हणाली. "नुसती पोतित्सा आणली आहे."

"माझीही पोतित्साच आहे."

"अरे देवा. मग आता माणसं दोन्हींची तुलना करणार."

"करू देत. तुमची चांगली निघाली तर मी म्हणेन लेकीच्या सासरी आली म्हणून चव आली."

सावीना खळखळून हसली. नेवेन्काला ती तिथल्या तिथे आवडली.

सगळे बसले. प्रार्थना झाली. अंड्यांना अंडी आपटून झाली. त्यात येर्नेयनं सासऱ्याचं अंडं फोडलं आणि सासऱ्यानं तक्रार केली की क्रासच्या कोंबड्या दगड खातात. हॅम कापला, ह्रेन फिरलं, शतावरीचं अंडं फिरलं. त्सिरिलनं कुणालाही न विचारता सगळ्यांच्या पेल्यांत तेरान ओतली. बोगोमिरनं ह्रेन लावलेला मोठा घास घेतला, वर मोठा घोट घेतला, आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले.

"ताकदीची आहे," तो कसाबसा म्हणाला.

"रक्त वाढतं," त्सिरिल म्हणाला. "आमच्याकडे बाळंतिणीला देतात."

"मी बाळंत झालो की नक्की मागवीन. तोवर जरा ही बघा." आणि त्यानं खोक्यातून बाटली काढली. सालींवर महिनाभर ठेवून, मग लाकडी पिंपात मुरवलेली रेबुला. पेल्यात ती पितळेसारखी पिवळी दिसत होती. त्सिरिलनं हुंगली, चाखली, गिळली, आणि शतावरीचा घास घेऊन पुन्हा चाखली.

"वाइन चांगली आहे," तो म्हणाला. "पण मी आत्ता शतावरी खाल्ली की कपाट, तेवढं कळलं नाही."

"बाबा!" येर्नेय म्हणाला.

पण बोगोमिरलाच हसू आवरेना. "बरोबर आहे. मान्य. शतावरीला ही जड जाते. पण तुमची तेरान तर तिला ठारच मारते, व्याही."

"तेरान कुणाला मारत नाही. ज्याचा त्याचा जीव कमजोर असतो."

दोघंही हसत होते, पण दोघांच्याही माना ताठ होत्या. हीच वेळ, असं नेवेन्काला वाटलं. ती उठली, तळघराच्या पायरीवर गार करायला ठेवलेला मातीचा तांब्या घेऊन आली, आणि स्वच्छ पेले मांडून वितोव्स्का ओतायला लागली. बायकांना आधी, मग बोगोमिरला, मग मुलाला. शेवटी नवऱ्याला. त्सिरिल पेल्याकडे बघत राहिला.

"ही स्वयंपाकाची ना?"

"हो. आणि स्वयंपाकच खातोय आपण," नेवेन्का म्हणाली.

सावीनानं आधी घेतली. हॅम, ह्रेन, घोट. तिनं काही म्हटलं नाही, फक्त पुन्हा हॅमच्या ताटाकडे हात नेला. बोगोमिरनं घेतली, शतावरीबरोबर घेतली, आणि हळूच पेला टेबलावर ठेवला. "ही कुठून आली?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"परसातून," नेवेन्का म्हणाली. "एकच ओळ आहे."

"एकच ओळ! आणि ही माणसं ती भातात घालतात!" त्यानं हात पसरले. "ऐका, विहीणबाई. आमच्याकडे वरच्या उताराला थोडी मोकळी जागा आहे. येर्नेय सप्टेंबरात आमच्याकडे राहायला आला की पहिलं काम हेच. हिच्या काड्या लावू, तो बघेल, तादेया बघेल, तीन वर्षांत..."

त्याचं त्यालाच कळलं की काहीतरी चुकलं. तादेयानं डोळे मिटून घेतले होते. येर्नेय पांढराफटक पडला होता. सावीनानं टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला, पण आता त्याचा काय उपयोग होता.

त्सिरिलनं काटा खाली ठेवला, रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली.

"करडाबरोबर ताजी काढावी लागेल," तो म्हणाला. त्यानं तेरानचा रिकामा तांब्या उचलला आणि तो तळघरात गेला.

येर्नेय उठायला लागला. नेवेन्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. "करडू भट्टीतून काढ. बटाटे खरपूस झालेत का बघ. तादेया, तू याला मदत कर." आणि ती पायऱ्या उतरून खाली गेली.

तळघरात गार होतं. पिंपाच्या तोटीतून तेरान तांब्यात पडत होती. त्सिरिल पाठमोरा उभा होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"झावळ्यांच्या रविवारपासून."

"बोगोमिरला माहीत. त्याच्या बायकोला माहीत. घरात मीच एक पाहुणा."

"तो तुला उद्या सांगणार होता. मीच म्हटलं होतं, उद्या सांग."

"उद्या!" तांब्या भरून वाहिला. त्यानं घाईनं तोटी बंद केली, सांडलेली वाइन पायानं बाजूला सारली. "का जातोय तो? पोरीसाठी?"

"पोरीसाठीही."

"आणि?"

नेवेन्कानं उत्तर मनात घोळवलं. मऊ करून सांगता आलं असतं. पण इतकी वर्षं त्या घरात सगळं मऊ करूनच सांगितलं गेलं होतं, आणि त्याचं काय झालं ते वर टेबलावर दिसलंच होतं.

"तू त्याला काही ठरवू देत नाहीस, त्सिरिल. तो म्हणतो आज तोडू, तू म्हणतोस उद्या. तो म्हणतो उद्या, तू म्हणतोस कालच तोडायला हवी होती."

"माझ्या बापानं मला कधी विचारलं? मेला त्या वर्षी पहिल्यांदा मी दिवस ठरवला."

"माहीत आहे. रात्री तू जे बोलायचास ते मीच ऐकायचे."

तो वळला. पिंपाला टेकून उभा राहिला. साठी ओलांडलेला माणूस, हात मनगटापर्यंत जांभळे झालेले, आणि चेहरा असा की नेवेन्काला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक चापटही मारावीशी वाटली. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. शेजारी जाऊन पिंपाला टेकली.

"हे सगळं कोण बघणार?" त्यानं विचारलं.

"आत्ता तू आणि मी. हातपाय धड आहेत आपले. पुढचं पुढे बघू. तो समुद्रापार नाही चाललाय, तासाभरावर चाललाय."

"तिकडची जमीन वेगळी आहे," त्सिरिल म्हणाला. "तिथला दगड हातात घेतला की भुगा होतो. उतार केवढे. ट्रॅक्टर उलटतात तिथे. याला सवय नाही."

"मग सांग त्याला."

"ऐकेल का?"

"तू ऐकलंस तर तोही ऐकेल."

वरून भट्टीचं झाकण वाजलं, आणि करडाचा लसणाचा वास पायऱ्यांवरून खाली आला. त्सिरिलनं तांब्या उचलला. दोन पायऱ्या चढला आणि थांबला.

"ती पांढरी चांगली लागली ह्रेनबरोबर," तो मागे न बघता म्हणाला. "लागणारच. मीच केलीय ती."

"तूच केलीस," नेवेन्का म्हणाली. आणि तिला हसू आलं, तळघराच्या अंधारात एकटीलाच.

वर कुणी घासाला हात लावला नव्हता. बोगोमिर तर इतका आकसला होता की खुर्चीत मावून वर जागा उरली होती. त्सिरिलनं तांब्या टेबलावर ठेवला, बसला, आणि करडाचा पहिला मोठा तुकडा बोगोमिरच्या ताटात वाढला.

"व्याही, मला माफ करा," बोगोमिर म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला..."

"जेवा. गार झालं की चरबी थिजते." मग त्यानं मुलाकडे बघितलं. "तुमची रेबुला कधी संपते? काढणी."

येर्नेयनं एकदा तादेयाकडे पाहिलं. "सप्टेंबरच्या शेवटी. वरचा उतार कधीकधी त्याआधीच."

"आपली तेरान त्यानंतर असते."

"हो, बाबा."

"म्हणजे तुझे हात तेव्हा मोकळे असणार."

"येईन मी. येणारच होतो. पण," येर्नेयनं पेला बाजूला सारला, "दिवस कोण ठरवणार?"

टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या ताटात बघू लागले. सावीनानं बटाटा कापला आणि तो न खाता आणखी एकदा कापला. त्सिरिलनं पेल्यात तेरान ओतली, करडाचा घास घेतला, सावकाश चावला.

"आधी ये," तो शेवटी म्हणाला. "येऊन मळ्यात चाख. मीही चाखीन. मग भांडू."

येर्नेय हसला. पोरसवदा असताना हसायचा तसा नाही. जरा दमलेला, सुटल्यासारखा.

करडाबरोबर तेरान झकास लागली. हे बोगोमिरनं मान्य केलं, दोनदा मान्य केलं, आणि पेला पुढे केला. रोझमेरी लावून भाजलेल्या त्या मांसाची चरबी ती आंबट वाइन कापत जात होती, आणि पुढच्या घासाला तोंड पुन्हा कोरं. नेवेन्कानंही अर्धा पेला घेतला. तिची तेरानशी दुश्मनी कधीच नव्हती. भांडण होतं ते ह्रेनशी.

शेवटी दोन्ही पोतित्सा आल्या. विहिणींनी एकमेकींची आधी खाल्ली. बोगोमिरनं खोक्यातली शेवटची छोटी बाटली काढली, वाळवलेल्या द्राक्षांची गोड रेबुला, मधाच्या रंगाची, पण ती ओतावी की नाही असा तो त्सिरिलकडे बघत राहिला.

"ओता की," त्सिरिल म्हणाला. "अक्रोडाला गोडच लागतं." नेवेन्कानं मान खाली घालून पोतित्साचे तुकडे वाढले. चाळीस वर्षं तेरानमध्ये पोतित्सा बुडवणारा माणूस हे बोलला, आणि कुणी त्याच्याकडे बघितलं असतं तर त्यानं शब्द मागे घेतला असता.

सप्टेंबरात लग्न झालं. येर्नेय बर्दाला गेला आणि त्सिरिल पंधरवडाभर घरात कुणाशी धड बोलला नाही. रोज संध्याकाळी मळ्यात जाऊन उगाच गडग्याचे दगड सारखे करत बसायचा. ऑक्टोबर लागताच येर्नेय आला. बापलेक तांबड्या मातीत हिंडले, द्राक्षं चाखली, बिया चावून बघितल्या. मुलगा म्हणाला शुक्रवार, बाप म्हणाला मंगळवार. जेवताना भांडले, जेवण झाल्यावर भांडले, आणि तादेयाला फोन लावून तिलाही भांडणात घेतलं. शुक्रवार भांडणातच गेला, शनिवारभर पाऊस पडला, रविवारी कडक बोचरा वारा सुटला, त्यानं घड लख्ख वाळवले, आणि सोमवारी सकाळी दोघंही काही न ठरवता कात्र्या घेऊन घराबाहेर पडले.

नेवेन्कानं टोपल्या काढल्या आणि ती त्यांच्या मागोमाग निघाली.